मला न दिसलेले झटके

पहिल्यांदा डोकं गरगरलं तेव्हा मी जमिनीवर होतो. हे आधी सांगतो, कारण त्या काळी माझी कामाची सगळी पाळी जमिनीपासून दोन-तीन माळे उंच, क्रेनच्या केबिनमध्ये जायची. तिथे काही झालं असतं तर हे लिहायला मी कदाचित उरलो असतो, पण खालची माणसं उरली नसती.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं सांगणार नाही. ती ज्याची त्याला डॉक्टरनं सांगावी. पण आजाराला नाव मिळेपर्यंत माणूस कोणाकोणावर संशय घेतो, हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे. त्या दीड-दोन वर्षांत मी दुसरं काही केलंच नाही. ज्यांच्या घरी असं चाललंय, त्यांना याचा काही उपयोग झाला तर बरं.

वास

भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धा चालू होता आणि अर्धा बांधला जात होता. मी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आलो. सुरुवातीची वर्षं माती आणि सिमेंट वाहिलं, मजुरांच्या कॅम्पात पत्र्याखाली झोपलो. मॅट्रिकपर्यंत शिकलेला होतो म्हणून ट्रेनिंगला निवड झाली आणि रोलिंग मिलमध्ये क्रेनवर लागलो. सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. बायको सुमन, रांगणारी मुलगी आणि माझी माय, असे आम्ही चौघं.

क्रेन म्हणजे काय ते थोडं सांगतो. शेडच्या छताखाली दोन्ही बाजूंना रूळ असतात. त्यावर क्रेन चालते आणि तिच्या पोटाशी काचेची केबिन लटकलेली असते. तिथे बसून मी लोखंडाचे तापलेले ठोकळे उचलायचो आणि सांगतील तिथे ठेवायचो. सांगणारा माणूस खाली उभा असतो. गोंगाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तो हातानं इशारे करतो. वर, खाली, पुढे, थांब. माझा इशारेवाला होता गणपतभाऊ. गोंदियाकडचा कुणबी, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. आम्ही काही वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन बौद्ध झालेली माणसं. गावाकडे माझ्या बापाला कुणब्याच्या ओसरीवर चढता येत नव्हतं. इथे एक कुणबी दिवसभर मान वर करून माझ्याकडे बघायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर त्या सकाळी मी क्वार्टरच्या मागच्या नळावर तोंड धूत होतो. एकाएकी जळक्या रबराचा वास आला. मग डाव्या हाताचा अंगठा आपोआप फडफडला. सगळं अंगण उजवीकडून डावीकडे वाहायला लागलं आणि मी नळ धरून खाली बसलो. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं.

"रबर कोण जाळून राहिलं?" मी सुमनला विचारलं.

"कोठी? मले तर काहीच वास नाई येत."

कारखान्याच्या गावात जळका वास येणं यात नवल काय? पण तिला येत नाही आणि मला येतो, हे मला पटेना. पुढच्या आठवड्यात तो मिलमध्ये आला, मग दुर्गच्या बाजारात आला. प्रत्येक वेळी शेजारच्याला विचारलं आणि प्रत्येक वेळी त्यानं नाही म्हटलं. माझी खात्री झाली की कुठेतरी गॅस गळतोय आणि वरच्यांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलंय. मी चार्जमनला तसं बोलून दाखवलं. चार्जमन म्हणजे आमच्या पाळीचा मुकादम, पंजाबी होता, काम जाणणारा आणि तोंडानं फटकळ. त्यानं मीटर घेऊन माणूस पाठवला. मीटरवर काही दिसलं नाही. मी म्हटलं, मीटर त्यांचंच आहे.

जोडा

पहिला मोठा झटका मिलमध्ये आला, दुपारच्या सुट्टीत. मला त्यातलं एवढंच आठवतं: मी डबा सोडत होतो, वास आला, अंगठा फडफडला. त्यानंतर डोळे उघडले तेव्हा माझ्या नाकावर कोणाचा तरी जोडा दाबून धरलेला होता.

तेलकट, घामट, टाच झिजलेला कामगारी जोडा. भोवती माणसांचं कोंडाळं. माझी जीभ चावली गेली होती आणि तोंडात रक्ताची चव होती. जोडा धरणारा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मी त्याचा हात झटकला आणि उठायला गेलो, तर पायात जीव नव्हता.

"कोनं ठेवला जोडा माह्या तोंडावर?"

"मिरगी है भाई," तो माणूस म्हणाला. "जूता सुंघाने से होश आता है."

फेफरं आलं की जोडा हुंगवायचा, असंच त्याला शिकवलेलं होतं, हे आज मला कळतं. आमच्याकडेही लोक तेच करायचे. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मी बेशुद्ध पडलो आणि यांनी माझ्या तोंडावर जोडा ठेवला. यांना माझी जात कोणी सांगितली? मी कोंडाळ्यात गणपतभाऊला शोधलं. तो थोडा दूर, खांबाला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

चार्जमन आला, खाली वाकला आणि त्यानं माझं तोंड हुंगलं. "पी है क्या?"

मी कधी थेंबही घेतला नव्हता. संध्याकाळी घरी गेलो तर सुमनही पाणी द्यायच्या निमित्तानं अगदी जवळ आली आणि श्वास घेऊन बाजूला झाली. म्हणजे बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"तूही वास घेऊन राहिली का?"

मुलगी माझ्या मांडीवर चढली होती. सुमननं तिला हळूच उचललं आणि आत नेलं. त्या दिवसापासून पोरगी माझ्या मांडीवर आली की कोणी ना कोणी तिला उचलून न्यायचं, कधी दूध पाजायला, कधी आंघोळ घालायला. कारण प्रत्येक वेळी चांगलं असायचं.

उतरवणं

चार-पाच दिवसांनी मी केबिनमध्ये बसलो होतो. ठोकळा ठेवला, हुक वर घेतला, आणि खाली बघतो तर सगळे जण लांब सरकून उभे. चार्जमन दोन्ही हात वर करून ओरडत होता. मी क्रेन थांबवून शिडीनं खाली आलो.

"कल से ऊपर नहीं जाना," तो म्हणाला.

"कावून? काय झालं?"

"माल हवा में लटका था. तू सो रहा था."

मी झोपलो नव्हतो. मी ठोकळा उचलला होता आणि ठेवला होता. मधे काही नव्हतंच. मी शपथ घेऊन सांगितलं. चार्जमन म्हणाला, गणपतनं दहादा थांबायचा इशारा केला, माल त्याच्या डोक्यावरून तसाच पुढे गेला, मग मधेच लटकत राहिला, आणि तू समोर बघत बसला होतास.

मला वाटलं हे सगळं रचलेलं आहे. यात नेमकी काय भीती असते ते सांगतो. आपला हात मोडला तर आपल्याला दुखतं, ताप आला तर अंग भाजतं. या आजारात जे घडतं ते सगळ्यांना दिसतं, फक्त ज्याला होतं त्याला दिसत नाही. लोक सांगतात की तू असा पडलास, असे डोळे फिरवलेस, इतका वेळ लटकत राहिलास. ते मानायचं तर त्यांच्या शब्दावर मानायचं. आणि ती माणसं कोण? ज्याला माझी जागा हवी असेल तो. ज्याला माझ्याकडे मान वर करून बघावं लागत होतं तो.

मला टूल स्टोअरमध्ये पाने-हातोड्या देण्या-घेण्याच्या कामावर बसवलं. जाता-येता डोक्यावरून माझी क्रेन जायची. ती आता दुसराच कोणी चालवायचा.

चव

कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं, पाय ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली. अशक्तपणा आहे, डोक्याला ताण आहे, असं म्हणून टॉनिक दिलं. त्यांनी विचारलं, "क्रेन का काम भारी लगता था क्या?" म्हणजे मी हलकं काम मिळावं म्हणून सोंग करतोय, असा त्यांचा अर्थ असावा असं मला वाटलं. हा प्रश्न त्यांना चार्जमननं शिकवला असेल, असंही वाटलं. मी टॉनिक घेतलं. झटके थांबले नाहीत.

मग घरच्या खाण्याला वेगळी चव लागायला लागली. आधी चहाला, नंतर वरणाला. काहीतरी खारट, मातकट, दाताखाली कचकच करणारं. मी विचार करत गेलो. झटके लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झाले. सुमनच्या भावानं मागच्या खेपेला आल्यावर तिला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं? मी बरा झालो नाही तर ती माहेरी जाणार का? मला काही झालं तर क्वार्टर कोणाचं? आता हे लिहिताना हात अडखळतो, पण आजारी माणसाचं डोकं असं चालतं.

मी घरी जेवणं सोडलं. कँटीनमध्ये खायचो आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचो.

एका रविवारी सुमननं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. "जेवा."

"भूक नाई."

"माह्या हातचं कावून खात नाई तुम्ही?"

तिनं माझ्याच ताटातली भाकर मोडली, माझ्याच वाटीतलं वरण घेतलं आणि एक घास खाल्ला. चावता चावता तिचा चेहरा बदलला. तिनं बोटावर वरण घेऊन उजेडात धरलं, मग वळून चुलीशी बसलेल्या मायकडे पाहिलं.

"सासूबाई, हे काय टाकलं तुम्ही?"

माय उठून जायला लागली. सुमननं तिचा पदर धरला. पदराच्या गाठीत कागदाची पुडी होती आणि पुडीत राख.

भिलाई-तीन नावाच्या वस्तीपलीकडच्या एका खेड्यात बैगा होता, झाडफूक करणारा. आमची माय शेजारणीबरोबर भाजी आणायला म्हणून जायची आणि त्याच्याकडून राख आणायची. दीक्षा घेतली तेव्हा हीच माय सगळ्यांत पुढे होती. घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं टोपलीत भरून गावच्या बोडीत, त्या तळ्यात, सोडले होते.

"कावून केलं माय असं?" मी विचारलं.

तिनं पदर सोडवून घेतला. मग म्हणाली, "मायले बोडीत टाकलं ना बापू मी. देवीले. तिनं माह्याच लेकराचं डोस्कं धरलं. मले धरते तर चाललं असतं."

"आपण मानत नाई ना आता ते."

"मी कोठी मानून राहिले? मी भिऊन राहिले."

मी रागावणार होतो, पण रागावता आलं नाही. कारण झटका येऊन गेल्यावर, जीभ सुजलेली असताना, तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी तो कोणाला सांगितला नव्हता.

सुमननं ते ताट उचललं, दुसरं वाढलं आणि मी पूर्ण जेवेपर्यंत समोरून हलली नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "तुम्हाले वाटलं मी टाकून राहिले."

तिनं विचारलं नाही, सांगितलं. पुढे कित्येक महिने ती माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खायची. मी नको म्हणायचो, तरी खायची. त्या घासात काळजी किती होती आणि राग किती, हे मला कधी विचारता आलं नाही.

गाडीत

कारखान्याच्या डॉक्टरांनीच शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. इथे याचं निदान होणार नाही, असं ते सरळ म्हणाले. मला हे त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी गणपतभाऊ क्वार्टरवर आला. दारातच उभा राहिला. "मी येतो संगं. मी रजा टाकली."

"तुमचं काय काम?"

"वहिनी एकटी कशी सांभाळन गाडीत?"

मुलीला मायजवळ ठेवून आम्ही तिघं दुर्गहून गाडीत बसलो. मला वाटत होतं, याला चार्जमननं पाठवलंय. मी खरा आजारी आहे का हे बघायला. राजनांदगाव मागे पडलं, डोंगरगड गेलं. सुमन खिडकीशी डोळे मिटून बसली होती. मग मी विचारलंच.

"चार्जमनले माह्याबद्दल तुम्हीच सांगतलं ना?"

"हो," गणपतभाऊ म्हणाला. "मीच सांगतलं."

तो नाही म्हणेल असं धरून मी बसलो होतो.

"एकदा नाई, तीनदा सांगतलं," तो पुढे म्हणाला. "पहिल्या दोन खेपेले त्यानं ऐकलं नाई. म्हणे, चांगला ऑपरेटर आहे, राहू दे. तू वर बसते, मी खाली उभा रायतो. तो ठोकळा माह्या डोक्यावर होता आणि तू माह्याकडे पाहूनच राहिला होता, पण तुह्या डोळ्यांत कोणी नव्हतं. माहे लेकरं लहान आहेत ना बावा."

"मले सांगायचं होतं आधी."

"तू मानलं असतं?"

मानलं नसतं. म्हटलं असतं, कुणब्याला पाहवत नाही.

तेवढ्यात जळका वास आला. पुढचं मला सांगता येणार नाही. जागा झालो तेव्हा मी बाकावर एका कुशीवर होतो. डोकं गणपतभाऊच्या मांडीवर होतं, त्याच्या धोतरावर माझी लाळ आणि रक्त सांडलेलं होतं. सुमन माझे पाय धरून बसली होती. डब्यातला एक माणूस चप्पल पुढे करत होता आणि गणपतभाऊ त्याला म्हणत होता, "रखो उधर. रखो म्हणतो ना!"

निदान

दवाखान्याच्या वॉर्डात आमच्या खाटांची रांग होती. पहाटे थर्मामीटर, मग दूध-पाव, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर वाट पाहणं. एकदा पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं आणि उशी न घेता सपाट पडून राहायला सांगितलं. डोकं फुटेल असं दुखलं. तिथली एक केरळची सिस्टर होती. तिनं सुमनला शिकवलं की झटका आला की कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही, नाकाला काही लावायचं नाही, फक्त थांबायचं. "वो वापस आएगा," ती म्हणायची. वाचणाऱ्यांनी हे एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मोठे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी मला फारसं काही विचारलं नाही. सुमनला आणि गणपतभाऊला समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही काय पाहिलं?" दोघांनी आळीपाळीनं सांगितलं. आधी डावा अंगठा, मग तोच हात, मग तोंड डावीकडे ओढलं जातं. मी खाटेवर बसून ऐकत होतो. एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळत होतं. तिथे मी पहिल्यांदा मानलं की हे घडतं.

मग डॉक्टरांनी माझे दंड चाचपले, छाती, मांड्या. कातडीखाली चिंचोक्यासारख्या छोट्या गाठी होत्या. "हे कधीपासून?"

"मी पायल्या होत्या जी," सुमन म्हणाली. "उन्हाळ्याच्या गर्मीनं झाल्या असतील वाटलं."

त्यांनी दंडातली एक गाठ कापून तपासायला पाठवली आणि मांड्यांचे एक्स-रे काढले. दोन-तीन दिवसांनी एक तरुण डॉक्टर आला. त्यानं माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग थोडं थांबून विचारलं, "डुकराचं मटण खाता?"

माझ्या अंगाची आग झाली. मी खाटेवरून पाय खाली सोडले. आमच्या घरात डुक्कर शिजत नाही. शिजत असतं तरी त्या आडनावानंतर तो प्रश्न मला ऐकवला नसता. "त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याले विचारला का हा सवाल?" मी ओरडलो. "का फक्त मलेच?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. गणपतभाऊ उठून माझ्या बाजूला उभा राहिला.

मोठे डॉक्टर आत आले. त्यांनी तरुण डॉक्टरला जायला सांगितलं आणि स्वतः माझ्या खाटेवर बसले.

"गाठीत किडा सापडलाय," ते म्हणाले. "तसेच डोक्यात असणार. त्यांच्यामुळे झटके येतात. एक्स-रेतही तांदळाच्या दाण्यांसारखे मेलेले दिसतायत."

"पण मी खात नाई ते."

"तुमच्या खाण्याचा संबंधच नाही. ते मटण कच्चं खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. तुम्हाला झालंय ते त्या जंताच्या अंड्यांमुळे. ती माणसाच्या विष्ठेतून येतात, पाण्यात जातात, भाजीवर बसतात, न धुतलेल्या हाताला लागतात. जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसांच्या अंगातही मी या गाठी पाहिल्यात."

"मंग कोणाच्या हातून आलं मले?"

"ते शोधू नका," ते म्हणाले. "सापडणार नाही."

मी तरी शोधलं. पुढचा महिनाभर मनातल्या मनात तेच केलं. मजुरांच्या कॅम्पात आम्ही सगळे नाल्याकडे जायचो आणि त्याच नाल्याच्या पाण्यावर पिकलेला मुळा, कांद्याची पात कच्ची खायचो. भात वाढणारे हात कोणाचे होते, बिहारचे, आंध्राचे, आमच्याच गावचे? पिंपातून पाणी काढणारा कोण? देशभरातली माणसं तिथे एका खड्ड्याचं पाणी पीत होती. कोणाचंही तोंड डोळ्यांपुढे आणून मी म्हणायचो, हा असेल. दुसऱ्या दिवशी दुसराच. एवढा संशय आणि तो टेकवायला एक माणूस नाही. काही दिवसांनी मी थकलो.

घरी

किडा मारणारं औषध तेव्हा नव्हतं. झटके दाबणाऱ्या गोळ्या मिळाल्या आणि सांगितलं की किडे आपोआप मरतात, वर्षं लागतात, तोवर गोळी एक दिवसही चुकवू नका. क्रेन कायमची बंद. विहिरीवर, आगीजवळ एकटं जायचं नाही. गोळीनं दिवसभर झोप यायची आणि पहिल्यांदा तर मला वाटलं की यांनी मला नुसतं गुंगीत ठेवलंय.

मायला सगळं समजावून सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे देवीचा कोप नाई?"

"नाई माय. किडा आहे."

"किडा बरा," माय म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. मग एकदम रडायला लागली.

मोहल्ल्यात बातमी फिरली की याच्या डोक्यात किडे आहेत. काही दिवस लोक नळावर माझ्यामागे उभे राहीनात. सुमननं भांडण केलं नाही. ती सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहायची आणि विचारेल त्याला डॉक्टरनं सांगितलं तसं सगळं सांगायची, कच्च्या भाजीपासून हात धुण्यापर्यंत. ऐकून लोक आपापल्या भाजीकडे संशयानं बघायला लागले. मला त्यात थोडा आनंद झाला.

टूल स्टोअरमध्येच मी राहिलो, नोकरी संपेपर्यंत. गणपतभाऊ पाना घ्यायला यायचा तेव्हा खिडकीशी थोडा वेळ रेंगाळायचा. मी ठीक आहे का, असं त्यानं कधी तोंडानं विचारलं नाही. तो माझ्या डोळ्यांत बघायचा आणि पाना घेऊन जायचा.

झटके हळूहळू विरळ झाले. महिन्यावरून दोन महिन्यांवर, मग वर्षात एखादा, मग एक अख्खं वर्ष कोरडं गेलं. तरी मला खरं वाटेना. वाटायचं, येत असतील, मला सांगत नसतील. मी सुमनला खोदून विचारायचो आणि ती मुलीची शपथ घेऊन नाही म्हणायची. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या थोड्या थोड्या कमी करत बंद केल्या. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र गोळ्या सुरू झाल्या त्या दिवसापेक्षाही जास्त भीती वाटली.

गोळ्या बंद झाल्यावरच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. सुट्टीचा दिवस होता, सकाळपासून मी खाटेची नवार आवळत बसलो होतो. उठलो आणि अंगण गरकन फिरलं. मी भिंत धरली. वास येतोय का, थांबून बघितलं. येत नव्हता. डाव्या अंगठ्याकडे बघितलं. तो गप्प होता. मान वर केली तर सुमन दारात उभी, हात पिठानं भरलेले, आणि तीही माझ्या अंगठ्याकडेच बघत होती.

"भूक लागली," मी म्हटलं. "सकाळपासून खाल्लं नाई काही."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं मला हाताला धरून सावलीत बसवलं, आतून भाकर आणि कांद्याचं पिठलं आणलं आणि समोर बसली. मी खात होतो आणि ती एकटक बघत होती. अर्धी भाकर झाली तशी जमीन जागेवर आली, कानात घुमत होतं ते थांबलं, हातात जोर आला.

"खरंच भूकच होती वो," मी म्हणालो.

"पाहून राहिले ना मी," सुमन म्हणाली. "खा अजून एक."